कादिझला पहिल्यांदा जाताय? मग निदान दोन रात्री तरी राहा

स्पेनमध्ये सेव्हिलपर्यंत गेलेली आपली बरीच मंडळी कादिझ एका दिवसात उरकून येतात. सकाळची ट्रेन, चर्चसमोर फोटो, तळलेले मासे, संध्याकाळची ट्रेन, झालं कादिझ. पहिल्या खेपेला मीही तेच केलं आणि परतताना ट्रेनच्या खिडकीतून सान फेर्नांदोजवळची मिठागरं दिसली, त्यांच्यावर उतरतीचं ऊन पडलेलं, आणि मनाला फार लागलं, कारण गाव आत्ता कुठे उन्हातून बाहेर येऊन बसायला लागलं होतं आणि आम्ही निघालो होतो. पुढच्या वेळी आईला घेऊन गेले, चांगले चार दिवस राहिलो. त्या दोन्ही खेपांच्या अनुभवावरून हे लिहितेय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, कुठल्या क्रमाने काय करायचं ते.

आधी गाव कसं आहे ते डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. स्पेनच्या नैऋत्य टोकाला अटलांटिकमध्ये घुसलेली जमिनीची एक लांब चिंचोळी पट्टी, आणि तिच्या अगदी टोकावर जुनं शहर, तिन्ही बाजूंनी समुद्र. जुन्या शहराच्या तोंडाशी पुएर्ता दे तिएर्रा नावाची तटबंदी आणि वेस आहे, तिच्या आत जुनं कादिझ, बाहेर नवं कादिझ. आतलं शहर इतकं आटोपशीर आहे की या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालत जाता येतं. फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी ते वसवलं, परंपरेने इ.स.पू. 1100 सांगतात, उत्खननात सापडलेले अवशेष इ.स.पू. 9व्या-8व्या शतकापर्यंत मागे जातात. त्यांचं गादिर, रोमनांचं गादेस, अरबांचं कादिस, आणि आजचे गावकरी बोलताना चक्क "काई" म्हणतात. पश्चिम युरोपात सलग वस्ती असलेलं सगळ्यात जुनं शहर म्हणून याचंच नाव घेतात.

तारखा ठरवताना

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर, यात डोळे झाकून जा. ऑगस्टमध्ये अख्खा स्पेन समुद्रावर असतो, खोल्या महाग आणि गर्दी. फेब्रुवारीत कार्निव्हल असतो, तो स्पेनमधला अतिशय गाजलेला कार्निव्हल आहे, पण त्यासाठी खोली कितीतरी महिने आधी घ्यावी लागते आणि त्या दिवसांत वास्तू निवांत बघणं विसरा.

वाऱ्याचं मात्र कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. इथे दोन वारे आहेत, पूर्वेकडून येणारा लेव्हांते आणि पश्चिमेकडून येणारा पोनिएन्ते. पोनिएन्ते समुद्रावरून येतो, गार, छान. लेव्हांते कोरडा, गरम, आणि एकदा सुटला की कधीकधी दिवसेंदिवस थांबत नाही, पुळणीवर बसलात तर वाळू अंगाला टोचते. हवामानाच्या अ‍ॅपवर पूर्वेचा जोराचा वारा दिसला तर त्या दिवशी पुळण सोडा आणि म्युझियम, चर्च, गल्ल्या बघा, गल्ल्या अरुंद असल्यामुळे आत बरं वाटतं.

व्हिसा आणि पोचणं

भारतातून जाणार असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून मी म्हणेन अडीच-तीन महिने आधी लागा. फी मोठ्या माणसांना 90 युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. व्हिसा मिळाला की 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं.

कादिझला स्वतःचा एअरपोर्ट नाही. जवळचा हेरेसचा, तिथून लोकल ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास. पण आपल्याकडून येणारे बहुतेक माद्रिदला उतरतात, तिथून आतोचा स्टेशनवरून थेट ट्रेन आहे, साधारण सव्वाचार तास लागतात, दिवसाला थोड्याच असतात म्हणून तिकीट आधी काढा, आधी काढलं की स्वस्तही पडतं. सेव्हिलहून पावणेदोन तासांच्या आत पोचता. ट्रेनमध्ये शेवटचा अर्धा तास झोपू नका, मिठागरं, खाडी, मग दोन्हीकडे पाणी.

स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच बंदर आणि पाच मिनिटांवर जुनं शहर. मोठमोठ्या क्रूझ बोटी अगदी रस्त्याच्या कडेला लागलेल्या असतात, गल्लीच्या शेवटी बघितलं तर इमारतींच्या वर बोटीचा मजला दिसतो.

राहायचं कुठे

जुन्या शहरातच. नव्या भागात व्हिक्टोरिया नावाची लांबच लांब सुंदर पुळण आहे, हॉटेलं मोठी आहेत, लिफ्ट आहेत, लहान मुलं बरोबर असली तर तोही विचार करा. पण वास्तू बघायला गेला असाल तर रात्री दहा वाजता जेवून चालत खोलीवर येता आलं पाहिजे.

फक्त एक गोष्ट बुकिंग करण्याआधी लेखी विचारून घ्या, लिफ्ट आहे का. जुन्या शहरातली घरं 18व्या शतकातली, जिने उंच आणि चिंचोळे. आम्ही घेतलेल्या खोलीच्या जाहिरातीत लिफ्टचं नाव नव्हतं, मीही विचारलं नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर दोन बॅगा आणि गुडघे दुखणारी आई. आईने पहिल्या दिवशी मधे दोनदा बसून तो जिना चढला आणि वर पोचल्यावर म्हणाली, "अगं, आता मी संध्याकाळपर्यंत खाली उतरत नाही." तेव्हा विचाराच. आणि काही गल्ल्यांत टॅक्सी जात नाही, म्हणून बॅग चाकांची आणि हलकी.

पहिला दिवस, सकाळ: वेशीपासून कॅथेड्रलपर्यंत

सुरुवात प्लासा दे सान हुआन दे दिओसपासून करा, म्हणजे नगरपालिकेचा चौक. तिथून एका कमानीखालून आत शिरलात की पोपुलो, सगळ्यात जुना मोहल्ला. मध्ययुगीन गावाच्या तीन कमानी अजून उभ्या आहेत, बाकी फारसं उरलेलं नाही आणि त्याचं कारण लक्षात ठेवा. 1587 साली इंग्रजांच्या फ्रान्सिस ड्रेकने याच बंदरात घुसून स्पेनची जहाजं जाळली, आणि 1596 साली इंग्रज आणि डच आरमार परत आलं, गाव लुटलं आणि पेटवून दिलं. आज दिसणारं शहर त्यानंतरचं, तट-बुरूजसुद्धा बरेचसे त्या धक्क्यानंतरचे.

पोपुलोतच रोमन थिएटर आहे, इ.स.पू. पहिल्या शतकातलं, इथल्याच बाल्बो घराण्यातल्या माणसाने बांधलेलं, स्पेनमधल्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या रोमन थिएटरांपैकी एक. आणि ते सापडलं कधी, तर 1980 साली! शोधत होते मध्ययुगीन किल्ला आणि सापडलं थिएटर. रंगमंचाचा भाग अजून शेजारच्या घरांच्या खाली आहे, त्यामुळे आपण पायऱ्यांकडे बघतो तेव्हा मागच्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत असतात. प्रवेश फुकट. बसायच्या पायऱ्यांखालून एक गोल वळत जाणारा बोगदा आहे, तो चुकवू नका, उन्हातून आत गेलं की एकदम गार.

बाजूलाच नवं कॅथेड्रल. नवं म्हणायचं, काम सुरू झालं 1722 ला आणि संपलं 1838 ला. 1717 साली अमेरिकेच्या व्यापाराचं सरकारी खातं सेव्हिलहून कादिझला आलं आणि त्या पैशावर हे सुरू झालं, पुढे पैसा आटत गेला आणि काम रखडत गेलं. समोर उभं राहून खालून वर बघा, खालचा दगड वेगळा, वरचा वेगळा, घडणही बदलत जाते, वरती पिवळा चकचकीत घुमट जो बंदरात येणाऱ्या बोटींना लांबून दिसायचा. आत छताला जाळ्या लावलेल्या दिसतील, खाऱ्या हवेने दगड झिजतो आणि त्याचे कपचे पडतात म्हणून. कोकणात घर असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, खारा वारा काय करतो ते.

तळघरात जरूर उतरा. ते समुद्रसपाटीच्या खाली आहे. मधल्या गोल दालनात छत जवळजवळ सपाट आहे आणि तिथे बोललं की आवाज घुमून परत येतो. मानुएल दे फाया हा स्पेनचा थोर संगीतकार इथे पुरलेला आहे, त्याचा जन्म याच गावातला, 1876 चा. तिकिटातच पश्चिमेकडचा मनोरा येतो, आणि तिथे पायऱ्या नाहीत, उतारासारखी चढण आहे, म्हणून आई पण वर आली. वरून सगळं गाव दिसतं, आणि पहिल्यांदा लक्षात येतं की आपण खरंच बेटासारख्या जागी उभे आहोत.

दुपार: मार्केट, मग झोप

मेर्कादो सेन्त्राल, म्हणजे मंडई, 1838 ची, मधे मासळी आणि भोवताली खाण्याचे गाळे. रविवारी बंद असते आणि सोमवारी मासळी फारशी नसते, आदल्या दिवशी बोटी गेलेल्या नसतात ना, म्हणून मंगळवार ते शनिवार सकाळी अकराच्या आत जा. मासे खाणाऱ्या मराठी माणसाला इथे दुभाष्या लागत नाही. कासोन म्हणजे आपल्या मुशीचा भाऊबंद, आसेदिया म्हणजे लेपा, बोकेरोनेस बघून मला मांदेलीची आठवण झाली, चोको म्हणजे माकुळाच्या जातीतलं. एप्रिल ते जून मोठा लाल टूना येतो, तो या किनाऱ्यावर खुंटवलेल्या जाळ्यांनी पकडतात, आल्माद्राबा म्हणतात त्या पद्धतीला, ती थेट फिनिशियन काळापासूनची मानतात.

आता खायचं काय ते सांगते, कारण यात लोक चुकतात आणि पाएया, म्हणजे स्पेनचा तो गाजलेला भात, मागवतात. पाएया इथली नाही, वालेन्सियाकडची. इथे तळलेले मासे, पेस्काईतो फ्रीतो. फ्रेइदुरिया लिहिलेलं दुकान बघा, तिथे फक्त हेच काम. कासोन एन आदोबो मागवा, मुशीचे तुकडे व्हिनेगर, लसूण, ओरेगानो, लाल पाप्रिका आणि जिऱ्यात मुरवून तळलेले. जिरं हो! पहिला घास घेतल्यावर आई गप्प झाली, मग म्हणाली, "यात जिरं आहे." आणि तोर्तियितास दे कामारोनेस, बेसन आणि गव्हाच्या पिठात कांदा, पार्सली आणि अख्खी बारीक कोळंबी, जवळ्यासारखी, घालून पातळ कुरकुरीत तळतात. भिजवलेलं पीठ पळीने तेलात सोडून पसरवतात, कडा जाळीदार होतात. आपल्या जवळ्याच्या भजीची पातळ बहीण समजा.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही पण प्रत्येक वेळी विचारावं लागेल. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन", म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको, हे तिन्ही म्हणा, कारण नुसतं "कार्ने नको" म्हटलं तर वर हॅमचे तुकडे घालून आणतात, हॅम म्हणजे मांस असं काहींच्या डोक्यातच नसतं. पापास आलिन्यास म्हणजे उकडलेला बटाटा, कांदा, पार्सली, ऑलिव्ह तेल आणि शेरीचं व्हिनेगर, अप्रतिम लागतं, पण वर टूना किंवा अंडं घालतात, "सिन आतुन" सांगा, अंडं नको तर "सिन उएव्हो". पालक-छोले, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, मिळालं तर सोडू नका, त्यातही जिरं असतं.

दुपारी दोन ते पाच दुकानं, कित्येक चर्च बंद. जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊनंतर. सात वाजता जेवायला गेलात तर किचन बंद असतं, पहिल्या दिवशी भुकेने चिडचिड होते, म्हणून खोलीत काहीतरी ठेवा आणि दुपारी सरळ झोपा. सगळं गाव झोपतं.

संध्याकाळ: ला कालेता

झोपून उठलात की पश्चिमेला, समुद्राकडे, ला विन्या मोहल्ल्यातून चालत जा. हा कोळ्या-मजुरांचा मोहल्ला, कार्निव्हलची गाणी इथलीच. त्याच्या शेवटी ला कालेता, जुन्या शहरातली एकुलती एक पुळण, छोटी, अर्धगोल, दोन किल्ल्यांच्या मधे. उजवीकडे सान्ता कातालिना, 1596 च्या लुटीनंतर बांधायला घेतलेला, चांदणीच्या आकाराचा, आत जायला पैसे नाहीत. डावीकडे समुद्रात आत सान सेबास्तियान, तिथपर्यंत दगडी बांध जातो. आपल्याकडे अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जातो ना, ते आठवतं, फक्त इथे बांध असल्यामुळे भरतीलाही जाता येतं. किल्ल्याच्या आत बऱ्याचदा जाऊ देत नाहीत, तरी बांधावरून शेवटपर्यंत चालाच, दोन्ही बाजूंना पाणी आणि पुढे 1908 चा लोखंडी दीपस्तंभ.

भरती-ओहोटीची वेळ फोनवर बघून ठेवा. भरतीला पुळण इवलीशी होते, छोट्या होड्या पाण्यावर डुलत असतात. ओहोटीला त्याच होड्या कुशीवर कलंडलेल्या, खडक उघडे पडतात, पोरं बादल्या घेऊन डबक्यांत काय काय शोधत असतात. सूर्यास्त ओहोटीला मिळाला तर नशीब समजा. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, घाई नाही. उन्हाळ्यात पुळणीवर आज्ज्या खुर्च्या-टेबलं घेऊन येतात, घरचं जेवण बांधून आणतात आणि बिंगो खेळत बसतात. आई त्यांच्याकडे बघत बसली, त्यातल्या एकीने हाताने खुणावून तिला खुर्ची दिली. भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास दोघींचं काहीतरी चाललं होतं.

एका दिवसात उरकणाऱ्यांना नेमकं हेच मिळत नाही, ते तेव्हा सेव्हिलच्या ट्रेनमध्ये असतात.

दुसरा दिवस: मनोरे आणि जमिनीखालचं गाव

सकाळी तोर्रे ताव्हिरा. 18व्या शतकात इथले व्यापारी आपापल्या घरावर टेहळणीचे मनोरे बांधायचे, अमेरिकेहून आपलं जहाज आलं की नाही ते बघायला. आजही शंभराच्या वर मनोरे उभे आहेत, काही नुसत्या गच्चीसारखे, काहींवर गोल घुमटी, काही पाठ असलेल्या खुर्चीसारखे. त्यांत समुद्रसपाटीपासून 45 मीटर उंचीवर पोचणारा ताव्हिरा 1778 साली बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला, तिथे नेमलेल्या आन्तोनियो ताव्हिरा नावाच्या नौदल अधिकाऱ्यावरून नाव पडलं. जिने चढावे लागतात, पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या, मधल्या मजल्यांवर प्रदर्शनाच्या खोल्या असल्यामुळे दम खाता येतो. आई अर्ध्यावर थांबली.

वर 1994 पासून कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. अंधारी खोली, मधे पांढरी खोलगट गोल तबकडी, छतावर आरसा आणि भिंग. दार लावतात आणि बाहेरचं अख्खं गाव त्या तबकडीवर उमटतं, आत्ताचं, हलणारं. गच्चीवर कुणी चादर वाळत घालतंय ती फडफडताना दिसते, सीगल उडत जातो. दाखवणाऱ्या बाईंनी एक कागद तबकडीवर आडवा धरला आणि अलगद वर उचलला, आणि रस्त्यावरून चालणारी माणसं कागदावर उचलली गेली! बाईने हात खाली नेला, माणसं परत रस्त्यावर. कुठलीही बॅटरी नाही, स्क्रीन नाही, नुसता उजेड. वेळा ठरलेल्या असतात, इंग्रजीच्या वेगळ्या, म्हणून तिकीट आधी घ्या आणि आकाश निरभ्र असताना जा, ढग असले की चित्र मंद येतं.

तिथून जवळच गादिरचं उत्खनन, आणि त्याचं दार बाहुल्यांच्या थिएटरमध्ये आहे. कठपुतळीच्या थिएटरखाली नऊ मीटर खोल फिनिशियन गाव. ठरलेल्या वेळेला गटाने नेतात, प्रवेश फुकट, जागा मोजक्या, म्हणून आधी जाऊन वेळ घ्या. दोन गल्ल्या, मातीच्या घरांचे पाये, चुली. आणि गल्लीच्या मातीत गुराच्या खुरांचे ठसे, पावसाळ्यात आपल्या वाडीच्या वाटेवर उमटतात तसेच, पण अडीच हजार वर्षांहून जुने. तिथेच आगीत सापडलेल्या एका माणसाचे अवशेष आहेत, त्याला मात्तान असं फिनिशियन नाव दिलंय, आणि शिवाय मांजराचा सांगाडा.

मग म्युझियम, प्लासा दे मिनामध्ये. सोमवारी बंद असतं, त्या दिवशी ठेवू नका. युरोपियन युनियनबाहेरच्यांना तिकीट दीड युरो, म्हणजे जवळपास फुकटच. खालच्या मजल्यावर संगमरवरी दोन फिनिशियन शवपेट्या, माणसाच्या आकाराच्या, एक पुरुषाची आणि एक बाईची, इ.स.पू. 5व्या शतकातल्या. पुरुषाची सापडली 1887 ला. तिच्यामुळेच पुढे गावात म्युझियम उभं राहिलं. त्याचा एक संचालक पेलायो किन्तेरो, त्याची खात्री होती की जोडीची बाईची पेटीही कुठेतरी असणार, आयुष्यभर त्याने शोधली, मिळाली नाही, 1946 ला तो गेला. 1980 साली एका जागेवर बांधकामाचा पाया खणताना ती सापडली, आणि गावात सांगतात की ती जागा म्हणजे त्याच्याच घराची जागा. दोघं आता शेजारी शेजारी आहेत. बाईच्या पायाकडे जाऊन बघा, बोटं न बोटं कोरलीय, आणि हातात छोटी अत्तराची कुपी.

1812 चं चर्च

ओरातोरियो दे सान फेलिपे नेरी, बाहेरून भिंतभर पाट्या लावलेलं लंबगोल चर्च. नेपोलियनच्या फौजांनी जवळजवळ सगळा स्पेन घेतला होता, कादिझला 1810 ते 1812 वेढा पडला होता, तोफा चालू होत्या, आणि त्या वेढ्याच्या आत स्पेनभरातून, अमेरिकेतल्या वसाहतींतून आणि फिलिपिन्समधून आलेले प्रतिनिधी बसून राज्यघटना लिहीत होते. चर्चमध्येच का, तर मोठी, खांब नसलेली जागा होती, सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायचं. 19 मार्च 1812 ला घटना जाहीर झाली, तो सेंट जोसेफचा दिवस, जोसेफचं लाडाचं नाव पेपे, म्हणून घटनेला लोक "ला पेपा" म्हणायला लागले. बंदरावरचा 2015 चा उंच पूल दिसतो ना, त्यालाही हेच नाव चिकटलंय. आत मधोमध उभं राहून वर बघा, दोन मजली गॅलऱ्या, तिथे लोक वाद ऐकायला दाटीवाटीने उभे असायचे. माझ्यासाठी पूर्ण गावात ही जागा सगळ्यात मोठी, आणि गाइड बहुधा पाच मिनिटांत बाहेर काढतात. तुम्ही वीस मिनिटं बसा.

काठाने चाला

दुसऱ्या संध्याकाळी समुद्राच्या काठाने चक्कर मारा, प्लासा दे एस्पान्यापासून आलामेदा आपोदाका, कान्देलारिया बुरूज, हेनोव्हेस बाग आणि मग परत कालेता. सगळं सपाट, बसायला बाकं, आईसारख्यांना एकदम योग्य. आलामेदाजवळचे अवाढव्य फायकस बघा, आपल्या वडा-पिंपळाच्या घराण्यातले, फांद्या रस्त्यावर पसरलेल्या.

चालताना दोन गोष्टी हाताने चाचपून बघा. एक, भिंतींचा दगड. बऱ्याच जुन्या भिंतींना ओस्तिओनेरा दगड आहे, समुद्रातून काढलेला, त्यात अख्खे शिंपले अडकलेले दिसतात, बोट फिरवलं की कडा लागतात. दुसरं, गल्ल्यांच्या कोपऱ्यावर जमिनीत उभ्या पुरलेल्या लोखंडी नळ्या. त्या जुन्या तोफा आहेत. घोडागाड्यांची चाकं घराच्या कोपऱ्याला घासू नयेत म्हणून पुरल्यात. पहिल्या दिवशी मी एकीला टेकून बूट नीट केला, दुसऱ्या दिवशी कळलं कशाला टेकले होते.

तिसरा दिवस असेल तर

बंदरावरून खाडीपलीकडे एल पुएर्तो दे सान्ता मारियाला कॅटामरान बोट जाते, अर्धा तास, तिकीट किरकोळ, लोक रोज कामाला जातात त्या बोटीने. पाण्यावरून कादिझ दिसतं तसं कुठूनच दिसत नाही, पिवळा घुमट आणि मनोरे. कोलंबस दुसऱ्या सफरीला 1493 साली आणि चौथ्या सफरीला 1502 साली याच पाण्यातून निघाला, आणि 1805 च्या ऑक्टोबरमध्ये ट्रफल्गारला इंग्रजांकडून हरलेलं फ्रान्स-स्पेनचं आरमारही इथूनच बाहेर पडलं होतं. अमेरिका दाखवणारा सगळ्यात जुना टिकलेला नकाशा हुआन दे ला कोसाने 1500 साली एल पुएर्तोमध्येच काढला. वाइनची आवड असेल तर ट्रेनने हेरेस. दोन्ही नको असेल तर कुठेच जाऊ नका, मंडईत जा, झोपा, कालेतावर बसा.

निघायच्या दिवशी घरी न्यायला पान दे कादिझ घ्या. नाव पाव असलं तरी तो बदामाच्या मार्झिपानचा लोफ आहे, आत अंड्याच्या बलकाचं आणि फळांचं गोड सारण, म्हणजे अंडं न खाणाऱ्यांसाठी नाही. मिठाईच्या दुकानात छोटा तुकडा चाखायला मागा, देतात बहुतेक. दुकान दुपारी दोनला बंद होतं हे लक्षात ठेवून दीडच्या आत घ्या आणि ट्रेनमध्ये खाडीच्या बाजूची खिडकी पकडा.